कार्डावरचा पिवळा भिंतीवर भडक का होतो?

सांगलीतला उत्तरेकडे खिडकी असलेला हॉल. हळदी पिवळा लावायचा की निळसर राखाडी? शेड कार्ड पाहून हा वाद मिटत नाही. कार्डावरचा चौकोन एकटा असतो. भिंती चार असतात आणि एकमेकींवर उजेड टाकतात.

समजा, पिवळा रंग लाल प्रकाशाचा ८० टक्के आणि निळ्याचा ४० टक्के भाग परत पाठवतो. म्हणजे २ : १. तोच उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवरून परतला की लाल उरतो ६४ टक्के, निळा १६. प्रमाण थेट ४ : १! म्हणून चारही भिंती एकाच रंगाच्या करायच्या असतील तर कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी घ्यावी. एकच भिंत पिवळी ठेवली तर हा गुणाकार बराच आटोक्यात राहतो.

राखाडीची अडचण वेगळी. उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आभाळाचा निळसर उजेड येतो, त्यात तो आणखी थंड दिसतो. मे ते जुलै सांगलीत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो खरा, पण जवळजवळ डोक्यावर. छज्जा त्याला आत येऊ देत नाही. रात्री सगळं दिव्यावर: २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर बल्ब राखाडीतला निळा खाऊन टाकतो, ६५०० ची निळसर पांढरी ट्यूब तो उठवते. बल्ब आधी ठरवा, रंग मग.

चाचणीसाठी दोन फूट बाय दोन फुटांचे पुठ्ठे घ्या. प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात, मध्ये चार तास. ओलं इमल्शन दुधाळ दिसतं, वाळल्यावर गडद होतं; निवाडा दुसऱ्या दिवशीच करा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर, खिडकीसमोर आणि कोपऱ्यात, दोन्हीकडे पाहा. एकच रंग निवडायचा असेल तर पुठ्ठे शेजारी ठेवू नका: पिवळ्यालगत राखाडी जास्त निळा भासतो. शेजारच्या रंगांचा हा परिणाम फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला.

दोन्ही लावायचे ठरलं, तर आधी फिका रंग कोपऱ्यापलीकडे इंचभर न्या. तो पक्का वाळला की टेप लावा आणि टेपच्या कडेवरून पुन्हा फिकाच हात फिरवा. फटीत शिरायचा तो रंग फिकाच शिरतो. मग गडद. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप ओढा, नाहीतर रंगाची साल सोबत निघते. आणि भिंतीला ओल असेल, खार फुटला असेल, तर रंगाचा विचारच नको. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.