बाळाचे कान मोजदाद करत असतात

"ळ म्हणायला मराठी रक्त लागतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायचंच ठरवलं. रक्ताचा काही संबंध नाही हो. ळ तर कन्नड, तमिळमध्येपण आहे, आणि कुठल्याही घरात जन्मलेलं मूल मराठी माणसांत वाढलं तर ते बिनचूक ळ म्हणणारच. याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज म्हणजे बाळ पहिला शब्द बोललं की भाषा शिकणं सुरू होतं. वर्षाच्या आसपास येणारा तो पहिला शब्द हे खरं तर वर्षभर गुपचूप चाललेल्या कामाचं फळ असतं आणि ते काम जिभेचं नसतं, कानांचं आणि मेंदूचं असतं.

सुरुवात पोटातच होते. आईचा आवाज बाळाला ऐकू येतो, पण शरीराच्या भिंती आणि पाण्यातून येताना त्यातले बारीक तपशील गळून पडतात, उरते ती चाल, लय, चढउतार, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यावं पण शब्द कळू नयेत तसं. म्हणून अभिमन्यूसारखं पोटात असताना मजकूर शिकणं शक्य नाही, आणि पोटाला हेडफोन लावून "हुशार बाळ" करून देण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. आईचं रोजचं बोलणं पोचतंय तेवढं पुरेसं आहे. 1980 मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जन्मून जेमतेम काही दिवस झालेली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलतात.

हे चोखणंच संशोधकांच्या कामाला आलं, कारण बाळाला प्रश्न तर विचारता येत नाही. 1971 साली पीटर आयमास आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली चोखणी दिली. जोरात चोखलं की "बा" ऐकू यायचं. बाळाला मजा वाटते, ते जोरजोरात चोखतं, मग तोच तोच आवाज ऐकून कंटाळतं आणि वेग कमी होतो. अशा वेळी "बा" चा "पा" केला की चोखणं परत वाढलं! म्हणजे बाळाला फरक कळला.

आता हा बा आणि पा चा फरक म्हणजे नेमकं काय ते नीट बघू, कारण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. दोन्हीला ओठ मिटून उघडतात. फरक आहे तो ओठ उघडणं आणि गळ्यातली थरथर सुरू होणं यांच्यातल्या वेळेचा. आपण मराठीत "बा" म्हणतो तेव्हा थरथर ओठ उघडायच्या आधीच सुरू झालेली असते, गळ्यावर बोट ठेवून बघा, जाणवेल. "पा" म्हणताना ती ओठ उघडल्यावर अगदी किंचित उशिरा सुरू होते. आणि इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या "पा" मध्ये हा उशीर बराच जास्त असतो, मधल्या वेळात हवेचा झोत बाहेर पडतो. म्हणूनच आपला साधा प इंग्रजी कानाला कित्येकदा ब वाटतो. आयमासच्या प्रयोगात हा उशीर 20 मिलिसेकंदांवरून 40 वर नेला की बाळं सावध व्हायची, कारण इंग्रजीतली ब आणि प ची हद्द साधारण या दोन्हींच्या मधे पडते. पण तेवढाच 20 मिलिसेकंदांचा बदल हद्दीच्या एकाच बाजूला केला तर बाळांना पत्ताच नाही. म्हणजे सलग पट्टी, पण कान तिचे कप्पे करून ऐकतो.

यावर लगेच कोणी म्हणेल की बघा, माणसाला जन्मजात भाषेची देणगी. पण 1975 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला नावाच्या उंदराच्या जातकुळीतल्या प्राण्याला इंग्रजी ड आणि ट मधला फरक शिकवला, तर त्याची हद्दपण माणसासारखीच निघाली. म्हणजे निदान काही हद्दी कानाच्याच घडणीत आहेत. घरातल्या भाषेचं काम याच्या पुढे सुरू होतं.

ते पुढचं सापडलं 1984 मध्ये, आणि तेसुद्धा आपल्या ट आणि त मुळे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, वळवली की पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता, घरात कधीच न ऐकलेला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तो ओळखणारं क्वचितच कोणी उरलं. हिंदी घरातल्या तेवढ्याच वयाच्या बाळांना तो व्यवस्थित ऐकू येत होता.

का बरं? कान तर बिघडले नाहीत. जिभेचं टोक दातांना टेकवलं की त, मागे वळवून टाळूला लावलं की ट. इंग्रजीतला तसा आवाज या दोन्हींच्या मधे, दातांमागच्या फुगवट्यावर जीभ लावून येतो. आता समजा ऐकलेला प्रत्येक आवाज म्हणजे एक खडा, आणि बाळ तो त्याच्या जागेवर टाकत जातंय. मराठी किंवा हिंदी घरात काही महिन्यांत दोन ढीग होतील, एक त चा, एक ट चा, मधे जवळपास मोकळं. इंग्रजी घरात एकच ढीग, मधोमध. दोन ढीग दिसले की मेंदू म्हणतो हा फरक महत्त्वाचा, जपा. एकच ढीग दिसला की म्हणतो हा नुसता बोलण्यातला बारीकसारीक फरक, सोडून द्या. "टाप" आणि "ताप" हे वेगळे शब्द आहेत हे बाळाला अजून माहीतसुद्धा नसतं, अर्थ कळायच्या आधीच ही मोजणी चालू असते.

ही नुसती उपमा नाही. 2002 मध्ये जेसिका माये, वर्कर आणि लूएन गर्केन यांनी ड पासून ट पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत जाणारे आठ आवाज तयार केले. सहा आणि आठ महिन्यांच्या बाळांपैकी काहींना दोन्ही टोकांजवळचे आवाज जास्त वेळा ऐकवले, काहींना मधले जास्त वेळा, आवाज दोघांनाही तेच आठ, फक्त प्रमाण वेगळं. अडीच मिनिटंसुद्धा नाही. आणि नंतर टोकांच्या आवाजातला फरक ओळखला तो फक्त दोन ढीगवाल्या बाळांनी!

शब्दांचंही असंच. बोलताना शब्दांच्या मधे आपण थांबत नाही, उलट "अक्का" म्हणताना शांतता शब्दाच्या पोटात येते. मग बाळाला शब्द सापडतो कसा? बाळउठलंबाळझोपलंबाळहसलं. यात बा नंतर दर वेळी ळ, पण ळ नंतर कधी उ, कधी झो, कधी ह. जिथे पुढचं ओळखता येत नाही तिथे शब्द तुटत असणार. 1996 मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली, आणि तेवढ्यात बाळांना अख्खे शब्द आणि दोन शब्दांचे जोडतुकडे वेगळे कळायला लागले.

मग एवढं मोजता येतं तर बाळापुढे व्हिडिओ लावून ठेवला की झालं? नाही. 2003 मध्ये कूल आणि सहकाऱ्यांनी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी मँडरिन बोलणाऱ्या माणसांना समोर बसवून खेळवलं, 25 मिनिटांची 12 सत्रं, आणि बाळं त्या भाषेतला फरक ओळखायला शिकली. हेच बोलणं पडद्यावरून दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत, नुसत्या आवाजातूनही नाही. प्रयोगातली दोन मिनिटांची मोजणी नुसत्या आवाजावर चालली, पण खरीखुरी भाषा शिकायला समोर माणूस हवा, बाळाकडे बघणारा, त्याच्या हातातल्या खेळण्याबद्दल बोलणारा. घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला, बाळ दोन्हींचे ढीग लावतं, गोंधळत नाही.

आणि जन्मल्यावर बाळाची ऐकण्याची चाचणी नक्की करून घ्या, चार-सहा महिने "बघू, ऐकेल" म्हणण्यात जातात तेच सगळ्यात मोलाचे असतात. ऐकू न येणाऱ्या बाळालाही भाषा शिकता येते, खुणांची भाषा समोर असली तर. 1991 मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मारेंटेट यांनी खुणांनी बोलणाऱ्या आईबाबांच्या कर्णबधिर बाळांचं निरीक्षण केलं, तर ऐकणारी बाळं ज्या वयात "बाबाबा, दादादा" करतात त्याच सुमारास ही बाळं हातांनी बडबडत होती, खुणांचेच छोटे तुकडे, अर्थ नसलेले, पुन्हा पुन्हा.