रिशार, मोरिस

(४ ऑगस्ट १९२१–२७ मे २०००). ‘रॉकेट’ या टोपणनावाने गाजलेला कॅनडाचा फ्रेंचभाषक आइस हॉकीपटू. जन्म माँट्रियलचा. नॅशनल हॉकी लीगमध्ये १९४२ ते १९६० तो माँट्रियल कॅनेडियन्स या एकाच संघाकडून खेळला. ९७८ सामन्यांत ५४४ गोल, आठ स्टॅनली चषक (लीगचे विजेतेपद). पाच हंगामांत सर्वाधिक गोल त्याचे होते, पण गोल आणि साहाय्य (गोलापूर्वीचा पास) मिळून होणाऱ्या गुणांत तो एकदाही पहिला आला नाही. खेळाडू कसा होता ते यातच कळते.

डावखुरा असून तो उजव्या बगलेत खेळे. त्यामुळे स्टिकचे पाते मैदानाच्या मध्याकडे राही आणि आत वळताना नेमाला मोठा कोन मिळे. तोटा एवढाच, की कठड्यालगतचा पास पात्याच्या उलट्या बाजूने घ्यावा लागे. तेव्हा पाती सरळ असत, म्हणून उलटा फटकाही अचूक बसे. पुढे वक्र पाती आली आणि ही कला मागे पडली. निळी रेषा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राची सीमा, ओलांडली की त्याला अडवणे कठीण. डेट्रॉइटचा धिप्पाड बचावपटू अर्ल सायबर्ट पाठीवर लोंबकळत असतानाही त्याने गोल केला होता.

१९४४-४५ मध्ये त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. दुसऱ्या महायुद्धामुळे लीग कमकुवत झाली होती, हा आक्षेप खरा; पण युद्धानंतरही त्याचे गोल आटले नाहीत. १९५७ मध्ये ५०० गोल करणारा तो पहिला ठरला.

राग हा त्याचा शत्रू. १३ मार्च १९५५ रोजी बोस्टनमधील हाणामारीत त्याने पंचाला ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी उरलेल्या हंगामासह बाद फेरीतूनही त्याला निलंबित केले. १७ मार्चला कॅम्बेल स्वतः माँट्रियल फोरम या संघाच्या घरच्या मैदानात सामना पाहायला येऊन बसले, अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना प्रतिस्पर्धी डेट्रॉइट संघाला बहाल झाला आणि रात्रभर सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकाने फुटली. इंग्रजीभाषक अधिकाऱ्याने आपल्या माणसाला चिरडले, ही फ्रेंचभाषकांची भावना त्यामागे होती. दुसऱ्या दिवशी रिशारनेच रेडिओवरून शांततेचे आवाहन केले. गुणांचे विजेतेपद मात्र हुकले: संघातलाच बर्नी जेफ्रिऑन एका गुणाने पुढे गेला, आणि घरच्याच प्रेक्षकांनी जेफ्रिऑनची हुर्यो उडवली.

५४४ गोलांचा विक्रम डेट्रॉइटच्या गॉर्डी हाऊने १९६३ मध्ये मोडला. १९९८-९९ पासून लीगमधील सर्वाधिक गोलांचा करंडक रिशारच्या नावाने दिला जातो. पहिला मानकरी फिनलंडचा टीमू सेलॅने.