पिस्तूल ग्वाल्हेरचं, शिक्षा आडनावाला

गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते ग्वाल्हेरात मिळालेलं होतं, हे इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सरकार पक्षाने न्यायालयात मांडलेली हकिकत अशी: २७ जानेवारी १९४८च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे दिल्लीहून रेल्वेने आले, स्टेशनवरून टांगा करून डॉ. दत्तात्रय सदाशिव परचुरे यांच्या घरी गेले. परचुरे इथले डॉक्टर आणि हिंदू महासभेचे वजनदार पुढारी. दुसऱ्या दिवशी इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल हाती आलं आणि त्याच रात्रीच्या गाडीने दोघं परत निघाले. ३० तारखेच्या संध्याकाळी बिर्ला भवनात त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

हा इतिहास आज पुन्हा सांगायचं कारण आहे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये, कट्ट्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये जी चर्चा झाली, तिच्यात मुसलमानांविषयी ‘हे लोक असेच’ हे वाक्य वारंवार आलं. ‘हे लोक’ म्हणून एकदा आपल्याकडेही बोट दाखवलं गेलं होतं, आणि त्याची किंमत आपल्या नात्यागोत्यातल्या माणसांनी मोजली. त्या बोटापासून सुरुवात केल्याशिवाय, एकाच्या गुन्ह्याचा दोष साऱ्या समाजाला द्यावा का, या वादाची पार्श्वभूमी नीट कळत नाही.

३० जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीत सगळ्यांच्या मनात एकच भीती होती: मारणारा मुसलमान तर नाही? फाळणीला सहा महिनेही झाले नव्हते, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. मारेकरी मुसलमान आहे ही अफवा पसरली असती तर रात्रीतून किती गावं पेटली असती याचा अंदाज सर्वांनाच होता. म्हणून आकाशवाणीच्या बातमीत मारेकरी हिंदू आहे हे मुद्दाम सांगितलं गेलं. त्या रात्रीच्या भाषणात नेहरूंनी त्याला वेडा म्हटलं, पण गेल्या काही वर्षांत देशात विष पसरवलं गेलं आहे हेही जोडलं. मारेकऱ्याचा धर्म जाहीर करण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता आणि त्याने असंख्य जीव वाचले. मात्र त्या निर्णयाने ‘कोण?’ या प्रश्नाला समुदायाच्या भाषेत उत्तर मिळालं. पाठोपाठ नाव आलं, नावातून गाव आणि जात.

पुढे महाराष्ट्रात जे झालं ते इथल्या अनेक घरांत कुजबुजत सांगितलं गेलं, कारण मुली, बहिणी, आतेमामे तिकडेच होते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचे वाडे, दुकानं, छापखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत वि. दा. सावरकरांच्या घरावर जमाव चालून गेला आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांना दगडांनी ठेचलं गेलं. त्या जखमांतून ते पुरते सावरलेच नाहीत, ऑक्टोबर १९४९ मध्ये गेले. गोडसे आणि आपटे चित्पावन होते, पण जमावाने चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे असा भेद केला नाही. हिंदू महासभेशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, ज्यांच्या घरी चरखा फिरत होता, अशांचीही घरं गेली.

ही आग केवळ गांधीजींच्या दुःखातून लागली असं म्हणणं खोटं ठरेल. गावातली सावकारी, जमिनीचे वाद, शिक्षण आणि नोकऱ्यांतलं ब्राह्मणांचं वर्चस्व, अस्पृश्यतेच्या आणि अपमानाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी, काँग्रेसमधल्या ब्राह्मणेतर राजकारणाची चढाओढ, हे सगळं आधीपासून साठलेलं होतं. खुनाने त्याला निमित्त दिलं. जुना राग खरा होता आणि त्याला कारणंही होती, हे मान्य करायलाच हवं. पण ज्या म्हाताऱ्याच्या अंगणात कंदील आणि रॉकेलचे डबे घेऊन माणसं आली, त्याने ना पिस्तूल दिलं होतं ना कट रचला होता. सामूहिक दोषारोपाची चाल पुढेही अशीच राहिली: गुन्हा ताजा असतो, हिशेब जुना चुकता होतो. १९४८ साली कूळकायदाही आला आणि पुढच्या काही वर्षांत खेड्यातला ब्राह्मण जवळपास संपूनच शहरात आला. दोन्ही गोष्टींनी मिळून गावांचा नकाशा बदलला.

न्यायालयाचं काम मात्र वेगळ्या गतीने चाललं. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. सावरकर निर्दोष सुटले. गोडसे आणि आपटे यांना फाशी, परचुऱ्यांसह इतरांना जन्मठेप. ग्वाल्हेरचे आणखी तिघे फरारी म्हणून नोंदले गेले होते. अपिलात पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये परचुऱ्यांना सोडून दिलं, कारण त्यांच्या कबुलीजबाबावर विसंबून शिक्षा देणं न्यायमूर्तींना पटलं नाही. त्याच शहरातला, त्याच पक्षाचा, त्याच जातीचा, घरी मारेकरी उतरलेला माणूसही पुरावा पुरेसा नसेल तर सुटतो, हे न्यायाचं माप होतं. साताऱ्यातल्या जमावाने तपासलं ते फक्त आडनाव.

संघटनांचा प्रश्न वेगळा, आणि तो टाळता येत नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी बंदी आली, जुलै १९४९ मध्ये ती उठली. पुढे १९६४ साली पुण्यात सुटून आलेल्या दोषींचा सत्कार झाला, कटाची आधीच कल्पना होती असं जाहीरपणे बोललं गेलं, आणि त्यावरून उठलेल्या गदारोळानंतर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने पोलिसांच्या आणि पुढाऱ्यांच्या ढिलाईपासून सारं पुन्हा तपासलं. अशी चौकशी व्हायलाच हवी. विचार कोणी पेरला, पैसा कोणी दिला, कोणी पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे प्रश्न पक्षाला, संघटनेला, सरकारला विचारायचे असतात. समाजाला सभासदत्वाची पावती नसते, त्यामुळे त्याच्याकडून राजीनामा मागण्यातही अर्थ नसतो.

गुन्हेगार आणि त्याचा समाज यांच्यातली ही रेघ देशाने पुन्हा पुन्हा ओलांडली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींना त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी मारलं आणि नंतरच्या दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यांप्रमाणे, २,७३३ शीख मारले गेले. मध्य प्रदेशातही शिखांवर हल्ले झाले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीराने गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं आणि सुटताना त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवलं, अशी परंपरा सांगते. ज्या शहरात ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तिथेही त्या नोव्हेंबरात पगडी दिसली की लोक संशयाने बघत. पंतप्रधान मनमोहन सिंगांनी राज्यसभेत माफी मागितली ती ऑगस्ट २००५ मध्ये, आणि सज्जन कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं ते डिसेंबर २०१८ मध्ये. चौतीस वर्षं लागली.

१९९३च्या १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. मुख्यमंत्री शरद पवारांनी दूरदर्शनवर स्फोटांच्या ठिकाणांत मस्जिद बंदरचं नाव स्वतःच्या मनाने घातलं. मुसलमान वस्तीतही स्फोट झाला असं वाटलं तर पुन्हा दंगल उसळणार नाही, हा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी नंतर उघड सांगितला. १९४८ मध्ये सरकारने खरं सांगून आग थोपवायचा प्रयत्न केला, १९९३ मध्ये खोटं सांगून. दोन्ही वेळी सरकारला आपल्याच नागरिकांची भीती वाटत होती. मला ही बाब पवारांच्या बाजूने किंवा विरुद्ध वाद घालण्यापेक्षा फार गंभीर वाटते.

बडोद्याच्या मराठी माणसाला २००२ विसरता येणार नाही. २७ फेब्रुवारीला गोध्र्यात साबरमती एक्सप्रेसच्या एस-६ डब्यात ५९ जण जळून मेले. १ मार्चच्या रात्री बडोद्यात हनुमान टेकडीवरची बेस्ट बेकरी पेटवली गेली, १४ जणांचा जीव गेला. बेकरीतल्या माणसांचा त्या डब्याशी काही संबंध नव्हता. साक्षीदार फिरले, आरोपी सुटले, मग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईत हलवला.

त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी हे ग्वाल्हेरचे सुपुत्र. त्यांनी ४ एप्रिल २००२ रोजी अहमदाबादेत राजधर्माची आठवण करून दिली, ती आम्ही अभिमानाने सांगतो. पण आठच दिवसांनी गोव्यात केलेल्या भाषणात, मुसलमान जिथे राहतात तिथे इतरांशी मिळूनमिसळून राहत नाहीत, अशा आशयाचं ते बोलले. टीका झाल्यावर, आपला रोख जहाल गटांवर होता असा खुलासा त्यांनी केला. इतक्या मोठ्या, मवाळ म्हणून ओळखल्या गेलेल्या नेत्याचीही जीभ जहालांकडून समाजाकडे घसरली, यावरून ही रेघ किती बारीक आहे ते कळतं.

मालेगावने वादाला नवं वळण दिलं. २००६च्या स्फोटांसाठी आधी मुसलमान तरुण धरले गेले. ते काही वर्षं तुरुंगात राहिले आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना खटल्यातून मुक्त केलं. २००८च्या स्फोटात हिंदू आरोपी आले आणि ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द केंद्रातल्या मंत्र्यांच्या तोंडी आला. ‘इस्लामी दहशतवाद’ म्हणताना ज्यांना काही वाटत नव्हतं त्यांना हा शब्द झोंबला, आणि पहिल्या शब्दावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी काहींनी दुसरा आनंदाने उचलला. जुलै २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने २००८च्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सोडले. दोन्ही स्फोटांतल्या मेलेल्यांच्या घरच्यांना मात्र गुन्हेगार कोण याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

‘दहशतवादाला धर्म नसतो’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला धर्म विचारून माणसं मारली, २६ जण गेले. तिथे धर्म नव्हता असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला आपली फसवणूक होते आहे असं वाटतं, आणि ते बरोबर आहे. गोडसेनेही आपलं कृत्य हिंदूंच्या हिताच्या नावानेच समर्थनीय ठरवलं होतं. धर्माचं नाव घेऊन मारणाऱ्याच्या विचाराला आणि तो पोसणाऱ्यांना नाव घेऊनच प्रश्न विचारावे लागतात. त्याच पहलगामात पर्यटकांना वाचवू पाहणारा एक मुसलमान घोडेवाला मारला गेला, आणि तिथे पती गमावलेल्या एका तरुणीने मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका म्हटलं तेव्हा तिच्यावरच चिखलफेक झाली. तिच्या दुःखावर हक्क सांगणाऱ्यांना तिचं म्हणणं मात्र नको होतं.

ग्वाल्हेरला आणखी एक जबाबदारी आहे. इथल्या दौलतगंजात हिंदू महासभेच्या कार्यालयात नोव्हेंबर २०१७ मध्ये गोडसेची मूर्ती बसवली गेली, ती प्रशासनाने उचलली. जानेवारी २०२१ मध्ये तिथेच त्याच्या नावाने वाचनालय उघडलं, तेही दोन दिवसांत बंद करावं लागलं. १९४८ मध्ये निरपराधांची घरं जळाली, हा अन्याय होता, म्हणून मारेकरी पूज्य ठरत नाही. इथल्या मराठी मंडळींनी हे मोठ्याने म्हणायला हवं, आणि अनेकदा आपण गप्प बसतो.

पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांवर आणि व्यापाऱ्यांवर हल्ले झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जमावाची हिंसा रोखण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्यांवरच त्यांच्या संरक्षणाचीही जबाबदारी टाकली. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात दर हिवाळ्यात काश्मिरी शालींची दुकानं लागतात. तिथल्या प्रत्येक दुकानदाराला, गाळ्याच्या पावतीबरोबरच, आपल्या जिल्ह्यातल्या त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर छापून मिळावा, एवढं मेळ्याच्या व्यवस्थापनाने येत्या वर्षी करावं.