छोटा बिनतारी मेकॅनिकल कीबोर्ड (इंदूरमधील मराठी वापर)

प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला, उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा आणि बहुधा वरची एफ-ओळही गाळलेला, ब्लूटूथवर किंवा छोट्या डाँगलवर चालणारा कीबोर्ड. पुस्तकी मराठीत याला कळफलक म्हणतात. इंदुरात तो शब्द बोलण्यात नाही. कीबोर्ड, बटण, स्विच आणि बटणावरच्या टोपीला कीकॅप, एवढ्यावर भागते. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतल्या मराठी घरांत एकाच टेबलावर नोकरीची इंग्रजी, कचेरीची हिंदी आणि घरची मराठी टंकली जाते. त्यामुळे या वस्तूची पारख इथे थोडी वेगळी होते. आकार किती टक्के आणि आवाज कसा, हे नंतर. आधी 'य' कुठे आहे ते बघावे लागते.

आकार

पूर्ण कीबोर्डात १०४ कळा असतात. आकड्यांचा गठ्ठा काढला की ८७ उरतात. त्याखालचे आकार टक्क्यांनी ओळखले जातात: ७५ टक्के म्हणजे साधारण ८४ कळा, ६५ टक्के म्हणजे ६७-६८, आणि ६० टक्के म्हणजे ६१. टक्केवारी ढोबळ आहे, तिचे गणित कोणी मांडू नये. दोन कळांच्या मध्यांतले अंतर मात्र सगळीकडे १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच. कीबोर्ड छोटा होतो तो कळा गाळून. कळा आखडत नाहीत, म्हणून बोटांची सवय मोडत नाही.

लहान आकाराचा आग्रह जपानातून आला. एइइती वादा या संगणकशास्त्रज्ञांच्या कल्पनेवरून पीएफयू कंपनीने १९९६ साली ६० कळांचा 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' काढला. वादांचे म्हणणे असे की घोडा बदलतो, पण स्वार आपले खोगीर सोबत नेतो. संगणकही बदलत राहतील, कीबोर्ड आपला असावा. पहिला हॅपी हॅकिंग मेकॅनिकल नव्हता ही गंमत वेगळी.

इनस्क्रिप्ट आणि गाळलेल्या कळा

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्या टंकण्यासाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली, आणि पुढे ती १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात आली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही तिची मुख्य कल्पना. व्यंजने इतकी की ती अक्षरांच्या कळांत मावत नाहीत आणि विरामचिन्हांच्या कळांवर सांडतात. 'च' अर्धविरामाच्या कळीवर, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' डाव्या चौकोनी कंसाच्या, 'ॉ' उलट्या तिरक्या रेघेच्या आणि 'य' प्रश्नचिन्हाच्या कळीवर बसतो. जेल रोडवरच्या मोबाइलच्या बाजाराचे 'डॉलर मार्केट' हे नाव लिहायला घ्या: 'डॉ' साठीच उजव्या काठावरच्या दोन कळा लागतात, 'ट' साठी तिसरी. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा काठ कधीमधी लागतो. मराठी लिहिणाऱ्याचे बिऱ्हाडच तिथे आहे.

याचा परिणाम सरळ आहे. ६१ कळांच्या साध्या अमेरिकी मांडणीत हा काठ शाबूत राहतो, त्यामुळे इनस्क्रिप्टला ती पुरते. वरच्या डाव्या कोपऱ्यात एस्केपने गिळलेली कळ मराठीत तशीही लागत नाही. ४० टक्क्यांच्या बोर्डावर मात्र आकड्यांची ओळच नसते, आणि शिफ्टसह तिथे बसणारे 'ज्ञ', 'त्र', 'क्ष', 'श्र' निराधार होतात. सर्वांत फसवा प्रकार या दोहोंच्या मधला: ६१ कळांच्या जागेत बाणही बसवायचे म्हणून काही बोर्डांत प्रश्नचिन्हाची कळ वरच्या बाणाशी वाटून दिलेली असते. चुकून बाणांची स्थिती चालू राहिली की 'यायला' लिहिताना 'य' उमटत नाही आणि कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो. असा बोर्ड इंग्रजी परीक्षणांत उत्तम ठरू शकतो. मराठीसाठी तो घेऊ नये.

दुसरी बाब उजव्या शिफ्टची. ख, घ, थ, ध, भ, ळ, श ही व्यंजने उजव्या हाताची, म्हणून त्यांना डावी शिफ्ट. अ, आ, इ, ए, ओ हे सुटे स्वर डाव्या हाताचे, म्हणून त्यांना उजवी शिफ्ट. ६४ कळांच्या बोर्डांत बाणांना जागा द्यायला उजवी शिफ्ट एका साध्या कळीएवढी करतात. मग 'आहे' हा शब्द, ज्याच्यावर निम्मी मराठी वाक्ये संपतात, दर वेळी करंगळीला शोधाशोध करायला लावतो. ६५ टक्क्यांच्या बोर्डात ही शिफ्ट पावणेदोन कळांइतकी राहते आणि बाणही सुटे मिळतात. मराठीसाठी हा आकार सगळ्यात सोयीचा आहे, असे नोंदकर्त्याचे मत आहे.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना यातले काहीच अडत नाही. त्यांना २६ अक्षरे पुरतात. उलट जुन्या छापखान्यांतली आणि डीटीपीची मंडळी छोट्या बोर्डाकडे फिरकत नाहीत. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत कित्येक जोडाक्षरे ऑल्ट दाबून आकड्यांच्या गठ्ठ्यावरून द्यावी लागतात, आणि गठ्ठा गेला की ती सोय गेली. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी परीक्षा देणाऱ्यांना हिंदी टंकन रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्टमध्ये करता येते. परीक्षेला बसणाऱ्याने सराव साध्या पूर्ण कीबोर्डावर करावा, कारण केंद्रावर आपला बोर्ड नसतो.

स्विच आणि आवाज

बहुतेक स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या एमएक्स रचनेवर आधारलेले आहेत. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तीच रचना स्वस्तात आणि पुढे चेरीहून गुळगुळीतही काढली. कळ एकूण ४ मिमी खाली जाते, नोंद २ मिमीच्या आसपास होते. लाल स्विच सरळ उतरतो आणि साधारण ४५ ग्रॅम जोर घेतो. तपकिरीत मध्ये किंचित अडथळा लागतो. निळा कडकन वाजतो.

निळ्याचा आवाज इंदुरी कानाला नवा नाही. चेरीचे निळे स्विच असलेला टीव्हीएस गोल्ड हा १०४ कळांचा तारेचा कीबोर्ड भारतभर बँकांत, बिलांच्या खिडक्यांवर आणि औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे वाजतो आहे. मेकॅनिकल म्हणजे काहीतरी परदेशी चैन असे वाटणाऱ्याने त्याच्यावर एकदा बोटे ठेवून बघावीत. पण दुकानात चालणारा कडकडाट घरात चालत नाही. रात्री साडेअकराला नातू कोड लिहीत बसला की शेजारच्या खोलीतून आजीचे 'अरे, टाइपरायटर बंद कर आता' ठरलेले. म्हणून घरी लाल किंवा तपकिरी.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट फार लागते, हे स्विच निवडतानाही लक्षात ठेवावे. दोन्ही शिफ्टखाली सगळ्यात हलके स्विच घालावेत, बाकीचे आवडीप्रमाणे. स्विच बदलता येतील असा, म्हणजे हॉट-स्वॅप बोर्ड असेल तर हे सोल्डरचा डाग न लावता होते. चिमट्याने जुना ओढायचा, नव्याच्या तांब्याच्या दोन पिना सरळ आहेत ना ते उजेडात बघायचे, मग उभा दाबायचा. पिन दुमडली की ती कळ मुकी होते, आणि दोष बोर्डाचा समजून लोक तो परत पाठवतात. पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या पाटीत, म्हणजे सर्किट बोर्डात, बसत नाही. प्लास्टिकचे जादा दोन पाय नेलकटरने कापले की बसतो. काही स्वस्त बोर्डांची सॉकेटे फक्त आउटेमूच्या बारीक पिनांचीच असतात, हे विकत घेण्याआधी विचारावे.

वंगण

नवा स्विच आत खरखरतो आणि त्याची स्प्रिंग किणकिणते. स्विच उघडून दांडीच्या कडांना आणि खालच्या घरातल्या खाचांना क्रायटॉक्स २०५जी०सारखे घट्ट वंगण ब्रशने अगदी पातळ लावतात. ६१ स्विचांना एक संध्याकाळ जाते. ब्रश चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातला, शून्य नंबरचा. वंगण कमी झाले तर पुन्हा लावता येते. जास्त झाले की कळ चिखलात पाय रुतल्यासारखी वर येते आणि सगळे पुसून काढावे लागते. घरातले शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल वापरण्याचा मोह होतो. ते पातळ तेल पसरत जाऊन धातूच्या पत्त्यांवर पोहोचते. अडथळा जिथे जाणवायचा ती जागाही कोरडी ठेवावी, नाहीतर तपकिरीचा लाल होतो.

स्पेस, एंटर, शिफ्ट अशा लांब कळांखाली तारेचे आधार असतात. खडखड बहुतेक वेळा तिथलीच. तारेच्या टोकांना थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले की पाच मिनिटांत जो फरक पडतो तो नवे महागडे कीकॅप घेऊनही पडत नाही. पाटीच्या मागे कागदी मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवले की आवाज जरा भरीव होतो. बिनतारी बोर्डात हे करताना अँटेनाची जागा आणि बॅटरीची तार मोकळी ठेवावी.

बिनतारीची बाजू

ब्लूटूथवर बहुधा तीन उपकरणे लक्षात राहतात: ऑफिसचा लॅपटॉप, घरचा संगणक, फोन. डाँगल असेल तर त्यावरून सेकंदाला १००० वेळा नोंद जाऊ शकते, ब्लूटूथवर शंभर-सव्वाशे वेळा. टंकनात हा फरक जाणवत नाही, खेळात जाणवतो. जाणवते ती झोप. काही मिनिटे हात लावला नाही की बोर्ड निजतो, आणि उठवणारी पहिली कळ गिळली जाते. इंग्रजीत यामुळे एक अक्षर जाते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट गेली की 'आ' ऐवजी सुटा काना येतो आणि पडद्यावर ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली मात्रा दिसते. लिहायला बसताना आधी एकदा रिकामी शिफ्ट दाबायची सवय लावली की हे टळते. संगणकाच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, ब्लूटूथ चालत नाही, म्हणून तार फेकू नये. यूएसबी ३ च्या खोबणीशेजारी डाँगल अडखळतो. छोट्या एक्स्टेन्शनने तो दूर नेला की सुधारतो. बॅटरी खाते ती मुख्यतः रोषणाई. ती बंद ठेवली तर चार्जिंगची आठवण क्वचितच येते.

मांडणी आपल्या हातात घेणे

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो; 'क' की इंग्रजी 'k' हे संगणक ठरवतो. म्हणून बोर्डातच फेरफार केला तर तो तिन्ही भाषांत सारखा लागू पडतो. तारेच्या बोर्डांत क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आतला प्रोग्राम, आणि त्यावरचे मांडणी बदलण्याचे व्हिया हे साधन सर्रास चालते. क्यूएमके हे कोड खुला ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याखाली आहे आणि ब्लूटूथचा बंदिस्त कोड त्या परवान्यात नीट बसत नाही. २०२० मध्ये सुरू झालेले झेडएमके हे फर्मवेअर बिनतारीसाठी नव्याने लिहिले गेले, त्यामागे हेही एक कारण. बाजारातल्या पुष्कळ बिनतारी बोर्डांत व्हिया चालते, पण मांडणी बदलताना तार जोडावी लागते.

मराठीसाठी खरोखर उपयोगी बदल थोडे आहेत. कॅप्स लॉक देवनागरीत निरुपयोगी असतो. तो दाबून धरला की वेगळा थर, म्हणजे त्याच कळांची दुसरी कामे, उघडेल असे ठरवावे आणि त्या थरात ग, र, क, त या चार कळांवर बाण ठेवावेत. हात जागचे हलत नाहीत. भाषा बदलण्याची विंडोज-स्पेस ही जोडी एकाच कळीवर आणावी, कारण इंदुरी निरोपात इंग्रजी, हिंदी, मराठी एकाच ओळीत येतात.

सर्वांत गोड सोय ऑटो शिफ्टची. कळ थोडी जास्त वेळ, मूळ ठरावाप्रमाणे १७५ मिलिसेकंद, दाबून धरली की शिफ्टसह नोंद होते. इनस्क्रिप्टमध्ये अल्पप्राण आणि महाप्राण एकाच कळीवर असल्याने 'क' रेंगाळला की 'ख', 'त' रेंगाळला की 'थ', 'ब' रेंगाळला की 'भ'. 'ल' धरला की 'ळ' होतो आणि 'र' धरला की 'ऱ'. 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' बरोबर लिहिणे त्यामुळे सोपे होते. इंग्रजी प्रोग्रामरांच्या करंगळीसाठी काढलेली युक्ती वर्णमालेच्या क्रमाला अशी जुळावी, हा निव्वळ योगायोग आहे. सावकाश टंकणाऱ्याला मात्र सुरुवातीला 'कप' लिहिताना 'खफ' मिळतो. वेळ २०० च्या पुढे न्यावी. ही सोय सगळ्या बोर्डांच्या फर्मवेअरमध्ये नसते.

खरेदी, धूळ, बॅटरी

रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची दुकाने आहेत. तिथे पूर्ण आकाराचे साधे कीबोर्ड भरपूर. हॉट-स्वॅपचा छोटा बिनतारी बोर्ड बहुतेक जण ऑनलाइनच मागवतात. सुमारे तीन हजार रुपयांपासून कामाचा मिळतो. बिनतारी कीबोर्ड २०१२ च्या आदेशापासून सक्तीच्या बीआयएस नोंदणीत आहेत, तेव्हा खोक्यावर ती खूण पाहावी. कीकॅप एबीएस प्लास्टिकचे असतील तर वर्षभरात बोटांच्या तेलाने चकाकू लागतात, पीबीटी प्लास्टिकचे टिकतात. पीबीटीच्या खरबरीत पृष्ठावर देवनागरीचे पारदर्शक स्टिकर मात्र नीट चिकटत नाहीत.

माळव्याच्या उन्हाळ्यातली कोरडी धूळ बारीक असते. ती स्विचच्या वंगणाला चिकटून राहते. फडक्याचे झाकण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. शेवेचे तुकडे हा इथला खास शत्रू. सकाळच्या पोह्यांवरची शेव स्पेसबारच्या तारेत अडकली की ती कळ अर्धीच खाली जाते आणि माणूस स्विच बदलत बसतो. महिन्यातून एकदा बोर्ड उलटा करून झटकावा, सहा महिन्यांत कीकॅप काढून साबणपाण्यात धुवावेत आणि रात्रभर वाळवावेत.

बोर्डाच्या आधी त्यातली लिथियम बॅटरी म्हातारी होते. फुगून तळ उचलला जाऊ लागला की चार्जिंग तिथेच थांबवावे. बॅटरी टोचू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. इंदुरात दारोदार येणाऱ्या कचरागाडीत सहा कप्पे असतात आणि त्यांतला एक इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा आहे. बॅटरीविना उरलेला बोर्ड तारेवर पुढेही चालतो.