‘मृत्युंजय’ला ज्ञानपीठ मिळालेलं नाही
परवा कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा पिताना परत तेच ऐकलं, ‘आपल्या शिवाजी सावंतांना मृत्युंजयसाठी ज्ञानपीठ मिळालंय’. नाही हो, मिळालेलं नाही. त्यांना 1994 चा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, आणि तो भारतीय ज्ञानपीठ हीच संस्था देते त्यामुळं पहिला घोळ तिथंच होतो. दुसरा घोळ नावाचा. आसामीत बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची ‘मृत्युंजय’ नावाचीच कादंबरी आहे, 1942 च्या चळवळीवरची, आणि 1979 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. सावंतांचं ‘मृत्युंजय’ 1967 चं, कर्णाचं, त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडानं बोलतात, माझ्या प्रतीची पानं सुटलीत इतक्यांदा वाचलंय.
कोल्हापूरकरांना ज्ञानपीठ सांगायचंच असेल तर वि. स. खांडेकरांचं सांगा की, ‘ययाति’ला मिळालेलं, मराठीतलं पहिलंच. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिक्षक होते, पुढं ‘छावा’ लिहिलं, ‘युगंधर’ लिहिलं. मूर्तिदेवी मिळालेले ते पहिले मराठी लेखक, मग ही खरी गोष्ट सोडून दुसऱ्याचा पुरस्कार त्यांच्या नावावर कशाला घालायचा?