अर्जुनसाल आणि हृदयरक्षण

अर्जुन (अर्जुनसादडा, संस्कृतमध्ये ककुभ, पार्थ) हा हिरडा-बेहड्याच्या कुळातला, नदीनाल्यांच्या काठाने वाढणारा उंच वृक्ष. खोडाची साल गुळगुळीत, राखाडी-पांढरी. तिचे पातळ पापुद्रे आपोआप सुटतात आणि आतली गुलाबीसर साल उघडी पडते. संस्कृतात अर्जुन म्हणजे पांढरा. नाव खोडावरूनच पडले असावे. फळाला पाच पंखांसारखे कंगोरे असतात. याच कुळातल्या ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे उभ्या झाडांत गल्लत होत नाही. ती होते सालीची भुकटी झाल्यावर. पूर्व विदर्भात या दोन्ही झाडांच्या पाल्यावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे किडे पोसले जातात.

आज अर्जुन म्हटले की हृदयच आठवते, पण चरकसंहितेतील हृद्य गणाच्या, म्हणजे हृदयाला हितकर मानलेल्या गटाच्या, दहा द्रव्यांत तो नाही. तिथे आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग अशी आंबट फळे आहेत. चरकाने अर्जुन ठेवला तो अंगावर पित्त उठते त्यावरच्या गणात. हृदयरोगाशी त्याची गाठ ठळकपणे घातली ती अकराव्या शतकातील वैद्य चक्रपाणिदत्ताने: सालीचे चूर्ण तूप, दूध किंवा गुळाच्या पाण्यातून घ्यावे. वैद्यांचा अर्जुन क्षीरपाक याच वाटेने जातो. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. चव तुरट, जीभ आवळून येते, कारण सालीत टॅनिन भरपूर असते. त्याखेरीज अर्जुनोलिक आम्ल, अर्जुनेटिन यांसारखी ट्रायटर्पिनॉइडे आणि फ्लेव्होनॉइडे ही वनस्पतिजन्य रसायनेही तिच्यात असतात.

प्रयोगशाळेत ‘हृदयरक्षण’ या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल हे हृदयाची धडधड वाढवणारे औषध टोचतात, बहुधा वजनाच्या दर किलोला 85 मिलिग्रॅम, दोन दिवस. हृदय बेफाम धडधडू लागते, ऑक्सिजन पुरत नाही, पेशींत कॅल्शियम साचते, मुक्त मूलके (अतिक्रियाशील रेणू) पेशींची आवरणे फाडतात आणि आतली विकरे रक्तात गळतात. त्यांतले सीके-एमबी हे मुख्यतः हृदयाच्या स्नायूतले विकर मोजले की इजेचा अंदाज येतो. अर्जुनाचा अर्क आधीपासून पाजलेल्या उंदरांत ही गळती कमी आढळली आहे. ‘आधीपासून’ हा शब्द इथे कळीचा आहे. उंदराला इजा कधी होणार हे संशोधकाला ठाऊक असते. माणूस दवाखान्यात येतो तो इजा झाल्यावर. बाटल्यांवरच्या जाहिराती नेमके हेच गाळतात, आणि त्यात माणसांचे खरे नुकसान होते.

माणसांवरचे पुरावे मोजके आहेत. 1995 मध्ये इतर औषधांना दाद न देणाऱ्या हृदय-अपयशाच्या 12 रुग्णांना 500 मिलिग्रॅम अर्क दर आठ तासांनी दिला. त्यांना बरे वाटले. 2002 मध्ये स्थिर अंजायनाच्या, म्हणजे श्रम केल्यावर छातीत दुखण्याच्या विकाराच्या, 58 पुरुषांत छातीत दुखण्याचे प्रसंग कमी झाले, पण प्रत्येक उपचार एकच आठवडा चालला होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 100 रुग्णांच्या चाचणीत 12 आठवडे जलीय अर्क दिला, तेव्हा हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता वाढली नाही. काही लक्षणे तेवढी सुधारली. आशा ठेवावी इतके यात आहे, चालू गोळ्या बंद कराव्यात इतके मुळीच नाही. छातीत कळ आली तर काढा उकळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

मागणी वाढली तशी झाडेही सोलली जाऊ लागली. खोडाभोवती सालीचा पूर्ण वळसा काढला की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते. जाणते लोक एकाच बाजूची उभी पट्टी काढतात, आतला कोवळा थर तसाच ठेवतात आणि जखम भरून येईपर्यंत त्या खोडाला पुन्हा हात लावत नाहीत.