डिचोली की बिचोलिम?

समजा, गोव्यातल्या डिचोलीत भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंना मुलांना दाखवायचंय, की गेल्या दहा वर्षांत जूनचा पाऊस आपल्या तालुक्यात किती पडला आणि शेजारच्या सत्तरीत किती. सरकारी खुल्या माहितीचं, म्हणजे कुणीही घेऊन वापरावी अशा आकडेवारीचं, पोर्टल पारखायला मला याहून चांगली कसोटी सुचत नाही. बाईंना संगणकापुढे बसवायचं, घड्याळ लावायचं आणि आपण तोंड मिटून मागे बसायचं.

खुल्या माहितीचं राष्ट्रीय धोरण 2012 साली आलं. तेव्हापासून पोर्टलांची मिरवणूक निघते ती आकड्यांवर: आमच्याकडे इतके तक्ते, इतक्या फायली. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माशांच्या किती पाट्या उतरल्या, यावरून घरी हुमण शिजलं की नाही ते कळत नाही.

बाई पहिल्यांदा अडतात त्या नावावर. त्या ‘डिचोली’ शोधतात, फायलीत असतं ‘बिचोलिम’. पेडणे-पेर्नेम, साष्टी-साल्सेत, काणकोण-कानाकोना... पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं इंग्रजीत तशीच राहिली, बोलण्यात आपली नावं. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे तालुके. दोन तक्ते जोडताना न जुळणाऱ्या ओळी गुपचूप गळतात आणि चूक झाल्याची सूचनासुद्धा येत नाही! खरं तर यावर इलाज आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हे, तालुके, गावं यांना अंकी कोड दिलेले आहेत. तक्त्यात तो एक रकाना ठेवला, की नाव कसंही लिहा.

मग फाइलचं रूप. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2010 साली खुली माहिती जोखायला पाच ताऱ्यांची पट्टी सुचवली. खुल्या परवान्यासह काहीही टाकलं, अगदी स्कॅन केलेली पीडीएफही, तर एक तारा. एक्सेलला दोन, सीएसव्हीला, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या तक्त्याला, तीन.

तीन तारे मिळाले तरी घात रिकाम्या चौकटीत असतो. तिथे पाऊस पडला नाही, की मोजलाच नाही? सत्तरीतल्या वाळपईत जूनमध्ये शून्य पाऊस म्हटलं तर चौथीतलं पोरही हसेल. संगणक हसत नाही, सरासरी काढून मोकळा होतो.

म्हणूनच वापरणाऱ्यांनी दिलेल्या नुसत्या समाधानाच्या गुणांवर माझा भरवसा नाही. एखादी प्रणाली वापरायला किती सोपी वाटली, हे मोजणारी जॉन ब्रुक यांची 1986 मधली दहा विधानांची प्रश्नावली आजही वापरतात. गुण शून्य ते शंभर, 68 च्या आसपास म्हणजे मध्यम. पण बाईंनी चुकीची सरासरी काढली आणि खूश होऊन 80 गुण दिले तर? उत्तर बरोबर आलं का, हे वेगळं तपासावंच लागतं.

आणि बसवायचे किती जण? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा आडाखा पाचांचा. तेवढ्यांत बहुतेक अडचणी उघड होतात. मात्र ते पाच जण शिक्षिका, पंचायतीतला पंच, बागायतदार, पत्रकार आणि फक्त मोबाइल हाताळणारा विद्यार्थी असे हवेत. पाचही जण सरकारी कार्यालयातलेच घेतले, तर डिचोलीचा घोळ कुणाच्या नजरेस पडायचाच नाही. ते आधीपासून ‘बिचोलिम’च टाइप करतात.